गंगेच्या मधोमध तहानलेलं इंजिन

हा प्रवास मी बोरीच्या लोकांना तोंडी सतरा वेळा सांगितला. पहिल्या खेपेला इंजिन पाच घोड्यांचं होतं, सतराव्या खेपेला ते पंचवीस घोड्यांचं झालं आणि गंगेला अधूनमधून लाटाही यायला लागल्या. म्हणून आता लिहूनच टाकतो. कागदावर उतरलं म्हणजे निदान घोडे वाढायचे थांबतील.

मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गंगाखेडला माझी मावशी राहते, गयामावशी. तिचा मुलगा किसन म्हणजे माझा मावसभाऊ. किसनच्या बहिणीची मुलगी कौसा, तिचं लग्न थडी सावरगावला, नवऱ्याच्या गावी, निघालं होतं. बहीण बिचारी तीन वर्षांमागं गेली, त्यामुळं कौसाच्या आईच्या बाजूनं मामा म्हणाल तर किसन आणि आजी म्हणाल तर गयामावशी, एवढीच दोन माणसं. नवरीला बोहल्यावर मामानं आणायची आणि अक्षता पडेपर्यंत मामानंच तिच्या पाठीशी उभं राहायचं, ही आपली रीत. किसननं शब्द दिला होता, "कौसे, आभाळ कोसळलं तरी मी येतो."

आभाळ कोसळलंच. तुळशीचं लग्न लागून आठ दिवस झालेले, कापूस वेचणीला आलेला, आणि तीन दिवस अवकाळी पाऊस. मी बोरीहून एस्टीनं निघालो तो दुसऱ्या दिवशी गंगाखेडला पोचलो. मधलं सांगण्यासारखं काही नाही. एस्टी तीन वेळा रुतली आणि तिन्ही वेळा उतारूंनी ढकलली. तिकीट काढून आपणच गाडी परभणीवरून गंगाखेडला नेली, एवढंच म्हणता येईल.

गंगाखेड

आमच्याकडं नदीला नदी म्हणतात. बोरीच्या करपरेत आम्ही बैल धुतो, घोंगड्या धुतो आणि उन्हाळ्यात तिच्यातूनच गाड्या हाकतो, कुणी तिची परवानगी घेत नाही. गंगाखेडला तसं चालत नाही. गोदावरीला तिथं गंगाच म्हणायचं, घाटावर आधी वाकायचं, पाणी डोळ्याला लावायचं आणि मग पाय टाकायचा. मी सरळ पाय टाकला, तर मागून मावशीचा आवाज आला, "दत्त्या, ती तुझी करपरा न्हाई. पायताण काढ आधी!"

सावरगाव गंगेच्या काठानं वर चार कोस. काळ्या मातीचा रस्ता म्हणजे तीन दिवसांच्या पावसानंतर चिकट खळच. बैलगाडी एका शेतापुढं गेली नसती, आणि मधले तीन ओढे भरून चाललेले. राहिली गंगा. पण पाण्याला ओढ होती. रामा भोई म्हणून मासे धरणारा एक खमक्या माणूस, त्याची लहानशी नाव होती. तो म्हणाला, "वल्ह्यानं वर जाणं व्हायचं न्हाई, पाटील. दोन हात वर जाऊ आन तीन हात खाली येऊ."

तेव्हा किसनच्या डोक्यात ते आलं.

किसनच्या मळ्यात विहिरीवर विलायती ऑइल इंजिन होतं. पंचक्रोशीत पहिलं. त्याच्यावर किसनचा इतका जीव की थंडीत तो त्याच्यावर घोंगडी टाकायचा. त्यानं ते इंजिन उचलून रामाच्या नावेत बसवलं. मग बैलगाडीची दोन चाकं घेतली, त्यांच्या आऱ्यांना फळ्या ठोकल्या, नावेच्या दोन्ही अंगांना लावली, आणि इंजिनाचा पट्टा चाकांच्या आसाला जोडला. इंजिन फिरलं की चाकं फिरणार, फळ्या पाण्याला थापडा मारणार आणि नाव वर चढणार. सगळं गंगाखेड घाटावर लोटलं. "किसनरावाची गाडी पाण्यावर चालायलीय!"

आता त्यात माझा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मी तरुणपणी हैदराबादेत एका मोटार गॅरेजात सहा महिने होतो. तिथं मी काय करत होतो हे कुणी विचारलं नाही, मीही आपण होऊन सांगितलं नाही. त्यामुळं सगळ्या गोतावळ्यात माझं नाव 'मिस्तरी' पडलं होतं. किसननं इंजिनाचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "मिस्तरी, इंजिनाचा जिम्मा तुझा." मी निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला माणूस. पुस्तक उजवीकडून उघडलं, गंभीरपणे चार पानं चाळली आणि म्हणालो, "सोपं आहे."

निघताना मावशी नावेपाशी आडवी झाली.

"हे बघ किसना. गंगंचं पाणी त्या राक्षसाच्या पोटात जायचं न्हाई. आन त्याच्या तोंडातला राकेलचा एक थेंब गंगंत पडायचा न्हाई. घे माझी आण."

इंजिन थंड राहायला पाणी लागतं, हे शेतकऱ्यांना सांगायला नको. मळ्यावर विहिरीचं ताजं पाणी त्याच्या अंगातून सारखं खेळत असतं. किसननं आण घेतली आणि विहिरीच्या पाण्याचे दोन पिंप नावेत चढवले. पिंपातलं पाणी इंजिनात जाणार, गरम होऊन परत पिंपातच येणार. आम्हाला हे फार हुशारीचं वाटलं. आजूबाजूला साऱ्या मराठवाड्याला पुरेल एवढं पाणी वाहतंय आणि आम्ही नावेत पाणी भरून घेतोय, यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

पाण्यावर

काय सांगू तो थाट! किसननं दांडी फिरवली, इंजिनानं दोन ठसके दिले आणि भक्‌ भक्‌ भक्‌ सुरू झालं. काठावरच्या बगळ्यांनी तालुका सोडला. नाव हलली, चाकं पाणी उडवायला लागली आणि आम्ही चौघं, म्हणजे किसन, मावशी, रामा आणि मी, गंगेच्या उरावरून वर निघालो. वेग विचाराल तर गावालगतच्या वाळूवरनं एक म्हातारा काठी टेकत चालला होता, त्याला आम्ही तासाभरात मागं टाकलं. मधे तो तंबाखू मळायला बसला होता, पण ते सोडा.

मावशी मध्यभागी बसली होती, मांडीवर कौसाची पिवळी साडी. मामाकडनं जाते ती. फडक्यात बांधलेली, वर आणखी एक फडकं. तिनं ती चार कोस मांडीवरनं खाली ठेवली नाही.

दहाच्या सुमाराला मला चहाची तलफ आली. पिंपातलं पाणी उकळतच होतं! असा आयता इंतजाम आगगाडीतसुद्धा नाही. तांब्या बुडवला, गूळ-पत्ती टाकली, चहा तयार. राकेलचा वास होता थोडा, पण कडक. तासाभरानं दुसरा झाला. मग तिसरा.

रामानं सकाळी जाळ्यातनं काढलेली वाम टोपलीत होती, हाताएवढी जाड. त्याचं लक्ष इंजिनाच्या डोक्याकडं गेलं. त्यानं थुंकीचं बोट लावलं, चुर्र झालं. "मिस्तरी," म्हणाला, "तव्यापेक्षा भारी तापलंय हो!" त्यानं वामेचे तुकडे केले, मीठ-मिरची चोळली आणि इंजिनाच्या टाळक्यावर मांडले. मावशीनं नाकाला पदर लावून तोंड फिरवलं. आम्ही तिघांनी भाकरीबरोबर ती वाम खाल्ली आणि मी खोटं सांगत नाही, निजामाच्या मुदपाकखान्यात तसला मासा कधी शिजला नसेल. बाहेरनं खरपूस, आतनं लोणी. किसन बोटं चाटत म्हणाला, "इंजिनाचा हा उपयोग पुस्तकात लिवलाय का, मिस्तरी?"

"दुसऱ्याच पानावर," मी म्हणालो.

तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की ज्या इंजिनावर मासा भाजतो, त्या इंजिनाची तब्येत बरी नसणार.

तीन कोस झाले होते. ऊन कलायला लागलं होतं. भक्‌ भक्‌ मधला एक भक्‌ गळाला. मग दोन गळाले. मग इंजिनानं म्हाताऱ्यासारखा एक लांब सुस्कारा टाकला आणि ते थांबलं.

एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. किसननं पिंपात डोकावून पाहिलं. दोन्ही पिंप ठणठणीत कोरडे. थोडं पाणी वाफेनं गेलं होतं, थोडं माझ्या चहानं.

आणि नाव थांबली नाही, हे जास्त वाईट. ती उलटी निघाली. ओढीनं चाकंही उलटी फिरायला लागली. सावरगाव आमच्याकडं पाठ करून दूर जायला लागलं.

"गोरज मुहूर्त हाय," किसन म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "दिस कलला, दत्ता. पोरगी वाट बघायली आसंल."

रामानं तोवर दोराला बांधलेला धोंडा पाण्यात टाकला होता. नाव हिसका बसून थांबली. त्यानं पट्टा आसावरून उतरवला, चाकं बांधून टाकली आणि शांतपणे बिडी पेटवली. "आता बोला," म्हणाला.

बोलण्यासारखं एकच होतं. चारी बाजूंनी पाणी. पण मध्ये आण होती. किसन आईकडं बघेना, मीही बघेना. रामा म्हणाला, "मी भोई. गंगंचं खातो. मी काय बोलणार?"

मावशी नावेच्या कडेला सरकली. मग तिनं साडीचं गाठोडं काखेत मारलं, वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि डोळ्याला लावलं.

"गंगा बी तिकडं त्र्यंबकाकडची लेक हाय," ती म्हणाली. "माहेर सोडून एवढी लांब आली. माहेरच्या माणसाची वाट बघणं म्हंजी काय, तिला नवं न्हाई. घाल किसना पाणी. आण मी घातली व्हती, मीच सोडते. पाप लागलं तर मला लागू दे."

किसनच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी गडबडीत होतो. मी घागर बुडवली, किसनच्या हातात दिली आणि गॅरेजातल्या मिस्तरीच्या आवाजात हुकूम सोडला, "ओत सगळी! एकदम! टाळक्यावर!"

त्यानं ओतली.

तापल्या बिडाच्या लोखंडावर गार पाणी. ठाण्ण! घंटेसारखा आवाज झाला, वाफेचा ढग उठला, आणि ढग विरला तेव्हा इंजिनाच्या डोक्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला होता. बोट आत जाईल एवढा. (बोरीत मी हात सांगतो. बोटच होतं.)

किसननं तड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मिस्तरी, त्या गॅरेजात तू नेमकं काय करायचास रे?"

अशा वेळी खोटं बोलायला माझ्यासारख्या माणसालाही बळ लागतं.

"चहा आणायचो," मी म्हणालो.

रामा भोई इतका हसला की बिडी पाण्यात पडली. मावशी म्हणाली, "तरीच सकाळधरनं चहाच करायलाय मुडदा."

किसन मात्र हसला नाही. त्यानं धोतर खोचलं आणि काठाकडं उडी मारली. पाणी छातीएवढं होतं, काठ जवळ होता. तो चढला, दोन पावलं टाकली आणि काळ्या चिखलात कमरेएवढा गेला. तिसरं पाऊल नव्हतंच. दोर टाकून आम्ही त्याला परत ओढून काढला तेव्हा त्याचा एक जोडा मराठवाड्याच्या पोटात राहिला होता. पाण्यातून चालत जावं, तर मधे खोल डोह. आणि ज्यानं चाळीस हात विहीर खोदली त्या किसनला पोहता येत नव्हतं.

म्हशी

अगदी काठाला ओढ जरा कमी होती, तिथून रामानं नाव वल्ह्यानं इंच इंच सरकवली. एका वळणावर वाळूचा उथळ पट्टा होता आणि त्यात पंधरा-वीस काळी टाळकी तरंगत होती. सावरगावच्या म्हशी. त्यांचा गुराखी लिंबाजी, दाढीला रुमाल बांधलेला म्हातारा, दगडावर बसून शेंगा खात होता.

"लग्नाचे का?" त्यानं विचारलं. "लवकर जा की. वरण-भात तयार हाय म्हनं. गाई आज गोठ्यातच ठेवल्या, चिखल लय. ह्या म्हशी तेवढ्या पान्यातनं आनल्या."

रामानं म्हशींकडं पाहिलं, मग जाळं ओढायच्या लांब दोराकडं. त्याच्या मनातलं मला समजलं. किसनला मात्र दुसरंच सुचलं. तो म्हणाला, "लिंबाजीबाबा, मला एका म्हशीवर बसवून दे. मी पुढं जातो."

मावशी कडाडली, "यमासारखा जातोस का भाचीच्या लग्नाला? म्हशीवर बसून? काय म्हणतील व्याही?"

"मग नावेला जुंपू," रामा म्हणाला.

सात म्हशी जुंपल्या. मी बोरीत सतरा सांगतो, इथं सात लिहितो. जाळ्याचा दोर गळ्यांतून, पोटाखालून गुंफला. लिंबाजीनं हाळी दिली. म्हशी हलल्या, दोर ताणला, नाव सरसर पाच हात पुढं गेली, आणि साती म्हशी पुन्हा पाण्यात बसल्या. डोळे मिटून. हाळी दिली, शिव्या दिल्या, किसननं हात जोडले. एक म्हैस रवंथ करत त्याच्याकडं इतक्या प्रेमानं बघत होती की मलाच लाज वाटली.

"ओरडून काय फायदा न्हाई," लिंबाजी म्हणाला. "पान्यातली म्हैस परमेसराचं ऐकत न्हाई. घरी रेडकं हायेत. सड भरले की आपोआप उठतेत."

"कवा भरतेत?"

"दिस बुडायला आला की."

दिवस बुडायला आला की मुहूर्तही येतो. किसन नावेच्या कडेला बसला आणि सूर्याकडं बघत राहिला. मावशीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.  मी चहाचं नावसुद्धा काढलं नाही, यावरून काय ते ओळखा.

सूर्य बाभळींच्या शेंड्याला टेकला आणि पहिली म्हैस उठली. तिनं मान वर केली, घराकडं तोंड करून हंबरली, आणि मग काय विचारता! साती उठल्या. बाकीच्या मागनं निघाल्या. दोर तारेसारखा ताणला. रेल्वे पाहिलीय, मोटार पाहिलीय, पण पान्हा फुटलेल्या म्हशींच्या वेगाला तोड नाही. डोहात त्या पोहल्या, वाळूत धावल्या. नावेच्या दोन्ही अंगांना पाणी चिरत होतं. मावशी एका हातानं साडी आणि दुसऱ्या हातानं मेलेलं इंजिन धरून बसली होती आणि ओरडत होती, "हळू गं बायांनो, हळू! गंगामाय, सांभाळ!"

सावरगाव

सूर्य बुडाला होता. मांडवात दिवट्या दिसत होत्या. मला वाटलं, संपलं सगळं. अक्षता पडल्या असणार, पोरीच्या पाठीशी दुसरंच कुणीतरी उभं राहिलं असणार. पण घाटावर माणसंच माणसं होती आणि वाजंत्री गप्प होती.

काय झालं ते मागून कळलं. दुपारी इंजिनाचा आवाज पाण्यावरून सावरगावापर्यंत गेला होता. कौसानं तो ऐकला होता आणि सगळ्या बायकांना सांगितलं होतं, "माझा मामा यायलाय." मग आवाज बंद पडला. मुहूर्ताची वेळ झाली. नवऱ्याकडची मंडळी घाई करायला लागली. म्हणाली, गावातला कुणीतरी मामा म्हणून उभा करा. जोशीबुवांनी पंचांग मिटलं आणि म्हणाले, "गोरज झालं. मुलीला आणा."

तेव्हा खाली मान घालून बसलेली कौसा उठून माजघराच्या दारात आली आणि सगळ्यांच्या देखत बोलली, "बुवा, गोरज म्हंजी गुरं घरी यायचा वक्त ना?"

"हो बाळ."

"आज गावातनं म्हशीच तेवढ्या बाहेर गेल्या. त्या अजून आल्या न्हाईत. मग गोरज कसं झालं?"

जोशीबुवांनी पंचांग उघडलं, मिटलं, परत उघडलं. गोठ्यांतून रेडकं भुकेनं ओरडत होती. सगळ्या गावाला ऐकू येत होती. व्याही हसायला लागले. "पोरगी वकील दिसतीय," म्हणाले, आणि मग सारं वऱ्हाड म्हशींची वाट बघायला घाटावर येऊन उभं राहिलं.

आणि म्हशी आल्या. त्यांच्या मागं आम्ही.

किसन नाव टेकायची वाट न बघता उतरला. एका पायात जोडा, कमरेपर्यंत चिखल, कोपरापर्यंत इंजिनाचं काळं तेल. मावशीनं आत जाऊन कौसाला ती साडी घाईघाईनं नेसवली. म्हशी माणसांच्या मधून आपापल्या गोठ्यात शिरल्या आणि जोशीबुवांनी मोठ्यांदा 'सावधान' म्हटलं. किसनला हात धुवायलाही कुणी वेळ दिला नाही. तो तसाच कौसाच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा, आणि त्यानं तिचे दोन्ही खांदे धरले.

अक्षता पडल्यावर बायकांच्या लक्षात आलं. नव्या कोऱ्या पिवळ्या साडीवर, दोन्ही खांद्यांवर, पाच पाच काळी बोटं. कौसाची सासू राख घेऊन धुवायला धावली, पण कौसानं पदर सोडला नाही.

माझ्या बाकीच्या गोष्टींवर तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी त्यात घोडे वाढवतो, म्हशी वाढवतो, हे मला मान्य आहे. पण कधी थडी सावरगावला गेलात तर कौसाला सांगा की बोरीच्या दत्तामामानं पाठवलंय. ती पेटी उघडून साडी दाखवील. बोटं मोजून घ्या. दहाच आहेत.